शेवटचे कोण? पेण-रोह्याचे बेने इस्राएल वृद्ध आणि पडद्यावरची त्यांची प्रतिमा

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' झळकला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. हा बोलपट ज्या नाटकावर बेतलेला होता, त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड. पारसी रंगभूमीवर नाव मिळवलेल्या या लेखकाचे आडनाव पेणकर होते. गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेणचे नाव भारतीय बोलपटाच्या पहिल्या पानाशी असे जोडलेले आहे, हे खुद्द रायगड जिल्ह्यातही फारसे कुणाला ठाऊक नसते. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

पेणकर, रोहेकर, अष्टमकर, तळकर, चेऊलकर, दिवेकर, नवगावकर. कोकणातल्या गावांवरून पडलेली ही आडनावे बेने इस्राएल समाजाची आहेत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी परंपरागत कथा आहे. तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. घरची भाषा मराठी, स्वयंपाकात नारळाचे दूध, प्रार्थना हिब्रूत. पेणमध्ये त्यांचे सिनेगॉग १८६३ सालचे आहे. रोह्याचे सिनेगॉग कुंडलिकेच्या पलीकडे, अष्टमीत.

या समाजाचे आणि चित्रपटाचे नाते तसे जुने व जवळचे. परंतु त्यात एक चमत्कारिक उणीव राहिली. डेव्हिड अब्राहम चेऊलकर हे त्याचे उत्तम उदाहरण. प्रेक्षक त्यांना नुसते 'डेव्हिड' म्हणून ओळखत. 'बूट पॉलिश' (१९५४) मध्ये ते जॉन चाचा झाले आणि त्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 'बातों बातों में' (१९७९) मध्ये ते वांद्र्याचे ख्रिस्ती गृहस्थ झाले, तर त्याच वर्षीच्या 'गोलमाल'मध्ये डॉ. केदार. चौलचे नाव आडनावात बाळगणाऱ्या या नटाच्या गाजलेल्या भूमिकांत कोकणातला, मराठी बोलणारा इस्राएल माणूस मात्र कुठे सापडत नाही. हिंदी पडद्यावर ज्यू दिसला तो बिमल रॉय यांच्या 'यहुदी'त (१९५८), आणि तो प्राचीन रोमन साम्राज्यातला. त्यातला वृद्ध एझ्रा सोहराब मोदींनी साकारला, म्हणजे एका पारशाने. त्या एझ्राचा आणि अष्टमीतल्या तेल गाळणाऱ्या म्हाताऱ्याचा संबंध लावणे कठीणच होते.

पुढे इस्रायलमध्ये गेलेल्या भारतीय ज्यूंवर एक गाजलेला हिब्रू चित्रपट निघाला. आव्ही नेशर यांचा 'टर्न लेफ्ट अॅट द एंड ऑफ द वर्ल्ड' (२००४). नेगेव्ह वाळवंटातल्या एका दुर्गम वसाहतीत १९६०च्या दशकाअखेरीस भारतातून आणि मोरोक्कोतून आलेली कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात, अशी त्याची गोष्ट. त्यातल्या भारतीय कुटुंबाचे आडनाव तळकर आहे. तळा हे गाव रोह्याच्या शेजारचे. पण पडद्यावरचे हे तळकर इंग्रजी वळणाचे आहेत, क्रिकेटवर जीव टाकणारे, वसाहतकाळाचा तोरा मिरवणारे. असे लोक समाजात नव्हतेच, असे म्हणता येणार नाही. मुंबईत इंग्रजी शिकलेली, सरकारी नोकरी केलेली कुटुंबे होतीच. तरीही दिमोना, लोद, अश्दोद, बीरशेबा या गावांत स्थिरावलेल्या हजारो कोकणी ज्यूंच्या घरात जी मराठी बोलली जात होती, तिला या चित्रणात जवळपास जागा नाही. नाव तळ्याचे आणि माणसे दुसऱ्याच कुठली, असा तो प्रकार.

कॅमेरा प्रत्यक्ष कोकणात शिरला तो बराच उशिरा. सादिया शेपर्ड यांचा 'इन सर्च ऑफ द बेने इस्राएल' हा माहितीपट २००८चा. शेपर्ड यांची आजी बेने इस्राएल होती, विवाहानंतर ती मुसलमान कुटुंबात गेली आणि पुढे कराचीला. नात आजीचे मूळ शोधत फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आली. तिचा शोध घरचा होता, म्हणून त्याची जातकुळी निराळी. एरवी दूरचित्रवाणीच्या आणि वृत्तपत्रांच्या कॅमेऱ्यांनी या परिसरात जी चित्रभाषा रूढ केली, ती ठरावीक आहे. कुलूपबंद सिनेगॉग, किल्ली घेऊन येणारा वृद्ध, कबरस्तानात वाढलेले गवत, आणि मथळ्यात 'शेवटचे' हा शब्द.

'शेवटचे' हा शब्द इतिहासाच्या कसोटीवर तपासून पाहण्याजोगा आहे.

कोकणातला हा समाज रिकामा होऊ लागला तो इस्रायलच्या स्थापनेनंतर, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती अशी की तरुणांनी गाव सोडणे अठराव्या शतकातच सुरू झाले होते. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली सामाजी हसाजी ऊर्फ सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी बांधले, ते स्वतः कंपनीच्या लष्करातले अधिकारी. एकोणिसाव्या शतकात बेने इस्राएल तरुण मोठ्या संख्येने मुंबई लष्करात भरती होत आणि सुभेदार, जमादार अशा हुद्द्यांपर्यंत चढत. पुढे कारकुनी, रेल्वे, टपाल, इस्पितळे ही क्षेत्रे आली. उमेद मुंबईत, पुण्यात किंवा कराचीत घालवायची आणि पेन्शन घेऊन गावी परतायचे, ही रीत अनेक कुटुंबांत रुळली. घर, नारळाची झाडे, सिनेगॉगची व्यवस्था, पूर्वजांच्या कबरी हे सारे परतलेल्या म्हाताऱ्यांच्या हवाली असे. सणाला मुंबईची मंडळी येत, सिनेगॉग भरे, आणि सण संपला की पुन्हा वृद्धच उरत. चाकरमान्यांच्या कोणत्याही कोकणी गावाची हीच कहाणी आहे. फक्त गणपतीऐवजी इथे रोश हाशाना असे.

म्हणजे पेण, अष्टमी, अलिबाग, रेवदंडा इथल्या इस्राएल आळ्या एका अर्थाने फार पूर्वीपासून निवृत्तांच्या वस्त्या होत्या. म्हातारी माणसे आणि शांत आळी हे दृश्य शंभर वर्षांपूर्वीही असेच दिसले असते, आणि ते पाहून कुणी 'शेवटचे' म्हटले नसते.

अर्थात कॅमेरा सर्वस्वी खोटा बोलतो असेही नाही. १९४८नंतर त्या रीतीचा कणा मोडला. मुंबईला गेलेला मुलगा पेन्शन घेऊन परत येई. दिमोनाला गेलेला येत नाही. १९५०च्या सुमारास भारतात बेने इस्राएलांची संख्या २०,०००च्या आसपास होती. आज सर्व भारतीय ज्यू मिळूनही ती काही हजारांतच आहे. परतणारी पिढी संपली की आळीतले वृद्ध हे एका फेऱ्यातला टप्पा राहत नाहीत, हे मान्य करावेच लागते.

मग या वृद्धांना स्वतःच्या चित्रणाबद्दल काय वाटते? याचे उत्तर त्यांच्या मुलाखतींत पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका वाक्यात बरेचसे सापडते. भारतात ज्यू म्हणून आम्हाला कधी छळ सोसावा लागला नाही, हे ते वाक्य. प्रश्नकर्त्याने विचारलेले असो वा नसो, ते येतेच. ज्यूंच्या अंताच्या गोष्टी जगाने युरोपच्या चौकटीत ऐकलेल्या असतात. रिकामे सिनेगॉग दिसले की पाहणाऱ्याच्या मनात आधी पळालेली किंवा मारली गेलेली माणसे उभी राहतात. ती चौकट आपल्याला लावू नका, आमची माणसे गेली ती आपल्या मर्जीने, असे हे वृद्ध सांगत असतात. त्यांचा आग्रह शेजाऱ्यांच्या अब्रूसाठीही आहे.

दुसरी गोष्ट संशयाची. इतरांनी आपली ओळख ठरवणे या समाजाने फार भोगले आहे. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने बेने इस्राएलांच्या विवाहाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याच्या सूचना दिल्या. त्याविरुद्ध १९६४ साली जेरुसलेममध्ये धरणे धरण्यात आले आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटला हे लोक सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असा ठराव करावा लागला. अशा इतिहासानंतर 'हरवलेली जमात' हे बिरूद कौतुकाने लावले, तरी ते टोचणारच. हरवले ते कुणासाठी? पेणच्या बाजारपेठेत त्यांचा पत्ता सर्वांना माहीत होता.

कोचीच्या मट्टनचेरीत हा ताण अधिक उघड झाला. तिथल्या ज्यू टाउनमधली मोजकी वृद्ध मंडळी अखेरच्या वर्षांत पत्रकारांना व पर्यटकांच्या कॅमेऱ्यांना टाळू लागली. घराच्या ओट्यावर बसणेही प्रदर्शन होऊ लागले, तर दुसरे काय करणार? पेण-रोह्याला पर्यटकांचा तसा लोंढा कधी आला नाही, हे एक सुदैवच.

वृद्धांच्या वस्तीत कॅमेरा काय शोधतो, याचे अमेरिकेतले उदाहरणही बोलके आहे. फ्लोरिडातील 'द व्हिलेजेस' ही लाखाहून अधिक वस्तीची निवृत्तांची नगरी. लान्स ओपेनहाइम यांच्या 'सम काइंड ऑफ हेवन' (२०२०) या माहितीपटाने तिच्यातून चार माणसे निवडली, चौघेही कुठे ना कुठे बेचैन. त्यांतला एक तर तिथला रहिवासीच नव्हता, मोटारीत राहणारा उपरा होता. चित्रपट सुंदर आहे. परंतु सकाळी पोहून, दुपारी पत्ते खेळून सुखाने झोपणाऱ्या माणसाने त्यात स्वतःला कुठे शोधावे? गोष्टीला दुखणे लागते, आणि तिथे राहणाऱ्याला आपला मंगळवार दिसावा असे वाटत असते.

बेने इस्राएलांनी स्वतःचे चित्र स्वतः रेखाटण्याचा प्रयत्न पूर्वी केला नव्हता असे नाही. १८८०च्या सुमारास या समाजात मराठी कीर्तन सुरू झाले, आणि बायबलमधील कथांवर कीर्तने रचणाऱ्यांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे प्रमुख नाव होते. आडनावावरून मूळ गाव वेगळे सांगायला नको. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला, तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून राहिले. चित्रपटाच्या काळात मात्र असे काही घडले नाही. पेणकरांनी लिहिले, चेऊलकरांनी अभिनय केला, पण स्वतःविषयी नव्हे.

शेवटी एक साधी बाब, जी चित्रण करणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात येते. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. छोट्या गावात ते जमवणे अवघड. म्हणून बाहेरून आलेला ज्यू पाहुणा, मग तो कॅमेरा घेऊन का आला असेना, आधी संख्येत धरला जातो. मुंबई-ठाण्याहून नातलग येतात, कधी इस्रायलहून नातवंडे येतात, तेव्हा ही संख्या पुरी होते. हे घडते शब्बाथला, रोश हाशानाला, योम किप्पुरला. आणि नेमक्या त्याच दिवशी, धर्मनियमाप्रमाणे, सिनेगॉगमध्ये छायाचित्रण चालत नाही. यंत्रे बंद ठेवायची असतात. चित्रीकरणासाठी परवानगी मिळते ती एरवीच्या वारी, जेव्हा कुणी वृद्ध घरून किल्ली आणून दार उघडतो आणि आत बाके रिकामी असतात.