किलोचं माहेर

पॅरिसच्या मेट्रोची नऊ नंबरची गाडी नैऋत्येला जिथे संपते, त्या स्थानकाचं नावच ‘सेव्रचा पूल’ असं आहे. जिना चढून वर आलं की समोर सेन नदी, तिच्यावरचा रुंद पूल, आणि पलीकडच्या काठावर टेकडीच्या उतारावर वसलेलं सेव्र. माझी मुलगी अलीकडच्या काठावर, बूलोन्यमध्ये राहते. तिच्याकडे गेलो तेव्हा पहिल्या आठवड्यात लोक मला आयफेल मनोरा दाखवायला निघाले होते. मी म्हटलं, आधी सेव्र. पूल पायी ओलांडला आणि पॅरिसचा गलबला मागे राहिला. चढाचे अरुंद रस्ते, बागांच्या भिंती, दुपारी बंद झालेली दुकानं, पावाच्या दुकानापाशी दोन म्हाताऱ्या बायका. इतकं शांत गाव की आपल्याच बुटांचा आवाज ऐकू यावा.

मी महाराष्ट्रात वैधमापन खात्यात निरीक्षक होतो. आठवडे बाजारात आम्हाला ‘वजनमापेवाले’ म्हणतात. आमची जीप दिसली की काही पारड्यांतली वजनं लगेच पोत्याखाली जातात. सगळी उमर किलो तपासण्यात गेली, म्हणून किलो जिथून आला ते गाव पाहण्याची इच्छा फार जुनी होती.

गावात कुणालाही विचारा, सेव्र म्हणजे चिनी माती. ते खरंही आहे. व्हँसेनला सुरू झालेला भांड्यांचा कारखाना १७५६ साली इथे आणला गेला. पंधराव्या लुईची मैत्रीण मादाम द पाँपादूर हिचा त्यामागे आग्रह होता. तीन वर्षांत राजाने तो स्वतःच विकत घेतला. टिपू सुलतानाचे वकील १७८८मध्ये व्हर्सायला गेले, तेव्हा सोळाव्या लुईने त्यांना सेव्रची भांडी भेट दिली होती. कारखाना आजही सरकारी आहे आणि चालू आहे. त्याच्या जुन्या इमारतीत पुढे शिक्षिका घडवणारं मुलींचं विद्यालय निघालं, तिथे १९००पासून मारी क्युरी पदार्थविज्ञान शिकवत असत. ऑस्मानी साम्राज्याची वाटणी करणारा १९२०चा तहही याच गावात, भांड्यांच्या कारखान्यात सह्या होऊन झाला. हे सगळं मोठंच आहे. पण मला जायचं होतं ते टेकडीवर.

सेव्र आणि सँ-क्लू यांच्या हद्दीवर मोठं राजउद्यान आहे. त्याच्या उतारावर, नदीकडे तोंड करून एक महाल उभा आहे, ब्रतोयचा महाल. चौदाव्या लुईच्या भावासाठी तो १६७२मध्ये बांधला गेला. आता तिथे आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालय आहे. ते काही संग्रहालय नाही, तिकीट काढून आत जाता येत नाही. मी फाटकापाशी थांबलो आणि झाडीतून दिसेल तेवढी इमारत पाहिली. या टेकडीच्या पोटातल्या तळघरात तो किलो आहे. प्लॅटिनम ९० टक्के आणि इरिडियम १० टक्के अशा मिश्रधातूचा, ३९ मिलिमीटर उंच आणि तेवढ्याच व्यासाचा दंडगोल. एकावर एक अशा काचेच्या हंड्यांखाली, तिजोरीत. तिजोरीला तीन किल्ल्या, तीन वेगळ्या हातांत: कार्यालयाचे संचालक, वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे अध्यक्ष आणि फ्रान्सचं राष्ट्रीय अभिलेखागार. तिघांनी मिळून आल्याशिवाय दार उघडत नाही. १८८९ ते २०१९, म्हणजे १३० वर्षं, जगातला प्रत्येक किलो या एका दंडगोलाशी बांधलेला होता. सोलापूरच्या बाजार समितीतला तुरीचा काटासुद्धा.

हा दंडगोल का घडवावा लागला, हे समजायला राज्यक्रांतीच्या आधीच्या फ्रान्समध्ये जावं लागतं. तिथे प्रत्येक परगण्याचं माप वेगळं होतं. धान्याचं माप जमीनदाराच्या ताब्यात असे. खंड घेताना तो माप शिगोशीग भरून घेई आणि देताना वरून फळी फिरवून सपाट देई. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही चढती मापं आपल्याकडेही होती. चार शेरांची पायली बहुतेक ठिकाणी, पण मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. आणि मापावरची शीग कुणाची, यावरून खळ्यावर काठ्या निघत. १७८९मध्ये फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून राजाकडे गाऱ्हाण्यांच्या वह्या गेल्या. कर, वेठ, शिकारीचे हक्क यांच्याबरोबरच गावोगावच्या लोकांनी एक मागणं लिहिलं होतं: सगळ्या राज्याला एकच वजन आणि एकच माप द्या. क्रांतीच्या गोष्टी सांगताना आपण तुरुंग फोडल्याचं आणि राजाचं डोकं उडवल्याचं सांगतो. मला त्या वह्यांमधलं हे मागणं जास्त मोलाचं वाटतं, कारण ते उपाशी माणसाने आपल्या रोजच्या पायलीबद्दल केलं होतं.

मापाचा धनी कुणी जमीनदार नको, राजा नको आणि पॅरिस शहरही नको, असं ठरलं. म्हणून माप पृथ्वीवरून घ्यायचं. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. त्या मीटरच्या दहाव्या भागाएवढी बाजू असलेल्या घनात मावणाऱ्या पाण्याचं वजन म्हणजे किलो. पृथ्वी मोजायला १७९२मध्ये दोन खगोलशास्त्रज्ञ निघाले. दलांब्र डंकर्ककडून खाली, मेशँ बार्सिलोनाकडून वर. चर्चच्या मनोऱ्यांवर आणि डोंगरमाथ्यांवर चढून त्रिकोणामागून त्रिकोण मोजत, क्रांतीच्या धामधुमीत, हेर समजून पकडले जात, सहा वर्षं त्यांनी हे काम केलं.

मेशँची गोष्ट मला विसरता येत नाही. बार्सिलोनाचा अक्षांश त्याने दोन जागांहून घेतला आणि दोन आकड्यांत किंचित फरक निघाला. त्याची कारणं उपकरणात आणि त्या काळच्या शास्त्रात होती, त्याच्या हातात नव्हती. पण त्याने तो फरक सहकाऱ्यांपासून दडवला आणि उरलेलं आयुष्य त्या टोचणीत काढलं. मापन पुन्हा करायला तो स्पेनला गेला आणि १८०४मध्ये तिथेच तापाने वारला. कागदपत्रं हाती आल्यावर दलांब्रला सगळं कळलं. सरकारी पत्र्याच्या पेटीतून वजनं काढून उन्हात काटा लावणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला मेशँ परका वाटत नाही. एका आकड्यासाठी जीव टाकणारी माणसं या कामात असावी लागतात.

पृथ्वीवरून काढलेला तो मीटर पुढे जवळजवळ ०.२ मिलिमीटरने आखूड निघाला. त्याने काही बिघडलं नाही. सगळ्यांनी मिळून एकच धरला, यातच त्याचं बळ होतं. २२ जून १७९९ रोजी प्लॅटिनमचा मीटर आणि प्लॅटिनमचा किलो अभिलेखागारात ठेवले गेले. लोकांनी मात्र ही नवी मापं सहजी घेतली नाहीत. नेपोलियनने १८१२मध्ये जुन्या नावांची सवलत दिली, आणि मेट्रिक मापं फ्रान्समध्ये खऱ्या अर्थाने सक्तीची झाली ती १ जानेवारी १८४० पासून. पॅरिसमध्ये व्होजिरार रस्त्यावर, सिनेटसमोरच्या कमानींखाली, लोकांनी आपापली मापं ताडून बघावीत म्हणून भिंतीत बसवलेला संगमरवरी मीटर अजून आहे. मी तो हात फिरवून पाहिला. कायदा असा भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताला लागेल असा ठेवणारं सरकार मला आवडलं.

जगाचा किलो मात्र फ्रान्सचा एकट्याचा नसावा, यासाठी ऑगस्ट १८७०मध्ये पॅरिसला अनेक देशांची बैठक भरली. पण तोवर प्रशियाशी युद्ध पेटलं होतं. बैठक अर्धवट मोडली. सँ-क्लूचा राजवाडा १३ ऑक्टोबर १८७० रोजी फ्रेंच तोफांच्याच गोळ्यांनी जळाला, शेजारचा ब्रतोयचा महालही युद्धात पडझडीला आला. आणि पाचच वर्षांत, २० मे १८७५ रोजी, १७ देशांनी मीटरचा करार केला. त्यात फ्रान्स होता आणि जर्मनीही होता. कालच्या वैऱ्यांनी एका काट्याखाली सह्या केल्या. फ्रान्सने कार्यालयासाठी दिला तो हाच पडका महाल, आणि भोवतालची जमीन. ही जागा तेव्हापासून सगळ्या सभासद देशांच्या या सामायिक कार्यालयाकडे आहे. असे देश आता साठाहून जास्त आहेत.

किलो घडवण्याचं कामही सरळ झालं नाही. १८७४मध्ये पॅरिसला २५० किलो मिश्रधातू एकाच वेळी ओतली गेली, पण तिच्यात लोखंड आणि रुथेनियमचा भेसळीचा अंश सापडला, म्हणून ती नाकारण्यात आली. मग लंडनच्या जॉन्सन मॅथी या पेढीने शुद्ध धातू ओतून दिली. ब्रिटन तेव्हा करारात नव्हतंच, ते १८८४मध्ये आलं. म्हणजे फ्रान्सच्या भूमीवर ठेवलेल्या किलोची धातू इंग्रजांनी ओतलेली. आपल्या देशाची ओतीव धातू चुकीची आहे हे मान्य करून शेजाऱ्याकडून घेणं, यात मला या साऱ्या उपक्रमाची सचोटी दिसते. तीन दंडगोल बनले, त्यांतला तिसरा अभिलेखागारातल्या जुन्या किलोशी तंतोतंत जुळला. १८८९मध्ये तोच जगाचा किलो ठरला, आणि त्याच्या प्रती चिठ्ठ्या टाकून देशोदेशी वाटल्या गेल्या.

भारत या करारात १९५७मध्ये आला. त्याच्या आदल्या वर्षी आपल्या संसदेने वजनमापांच्या मानकांचा कायदा केला होता. आपल्या वाट्याला आलेल्या प्रतीचा क्रमांक ५७, ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. अधूनमधून तिला सेव्रला नेत आणि मूळ किलोच्या वारसदार वजनांशी ताडून परत आणत. सासरी नांदणाऱ्या लेकीने माहेरी जाऊन यावं तसं हे येणंजाणं चाले. दिल्लीच्या किलोवरून संदर्भ मानकं, त्यावरून दुय्यम मानकं, आणि त्यावरून निरीक्षकाच्या पेटीतली कार्यमानकं. ही वजनं आपल्या मुंबईच्या टांकसाळीत घडतात. मखमलीच्या खोबणीत बसवलेली पितळी वजनं मी हातमोजे घालून उचलत असे. बाजारातली माणसं हसत. पण बोटाचा घामही धातूला चिकटतो आणि वजन चुकतं, हे सेव्रमध्ये केव्हाच ओळखलं गेलं होतं. तिथे किलो पुसायला मऊ कातड्याला अल्कोहोल आणि ईथर लावत, मग दोनदा ऊर्ध्वपातित केलेल्या पाण्याच्या वाफेने धूत.

नव्या मापांचा तो काळ माझ्या लहानपणाचा. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, असे तक्ते दुकानादुकानांत लागले होते. किलो शेराहून ६७ ग्रॅमने जड, आणि किंमत ठरवताना हा फरक कुणाच्या पदरात पडतो यावर ओट्यावर वाद होत. अडाणी आजीला फसवलं जाऊ नये म्हणून शाळकरी पोरं दुकानात सोबत जात. ही माणसं बदलाला भीत नव्हती. ती मापाच्या मालकाला भीत होती, तशीच जशी फ्रान्सची खेडी.

सेव्रच्या किलोलाही एक प्रश्न सुटत नव्हता. शंभर वर्षांनी त्याची त्याच्या भावंडांशी तुलना झाली, तेव्हा सुमारे ५० मायक्रोग्रॅमचं, म्हणजे एका ग्रॅमच्या वीस हजाराव्या भागाचं अंतर दिसलं. मूळ किलो हलका झाला की प्रती जड झाल्या, हे सांगायला दुसरं माप नव्हतं, कारण व्याख्येने तोच किलो होता. तपासणाऱ्याला कोण तपासणार, हा प्रश्न आमच्या खात्यात कुठल्याही पायरीवर असा मोकळा राहत नाही. वरच्या टोकाला मात्र तो राहिला होता. व्हर्सायला १६ नोव्हेंबर २०१८ रोजी देशांनी मतं दिली आणि २० मे २०१९ पासून किलो प्लांकचा स्थिरांक या निसर्गातल्या न बदलणाऱ्या राशीशी बांधला गेला. आता वजनाचं बळ विजेच्या बळाशी तोलणारा काटा लावून, योग्य उपकरणं असलेल्या कुठल्याही देशात किलो उभा करता येतो. गावोगावच्या वह्यांनी १७८९मध्ये मागितलं होतं ते आता पुरतं मिळालं, असं मी मानतो. तो दंडगोल मात्र अजून त्याच तळघरात, त्याच तिजोरीत आहे.

हा सगळा खटाटोप शेवटी तुमच्या पिशवीपर्यंत येतो, आणि तिथे तो सर्वांत सहज मोडतो. लोखंडी वजनाच्या पोटातल्या छिद्रात शिसं भरलेलं असतं, ते खरवडून काढलं की किलो हलका होतो. पारड्याखाली पासंग लावणारे आणि दगडाचं वजन वापरणारे मी खूप पाहिले. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. वजनाच्या शिशावर आणि इलेक्ट्रॉनिक काट्याच्या सीलवर निरीक्षकाचा शिक्का, वर्ष आणि तिमाहीचं अक्षर असतं. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी व्हावी लागते आणि तिचा दाखला दुकानात दिसेल असा लावणं दुकानदाराचं काम आहे. दाखला दिसला नाही, तर माल घेण्याआधी मागा.