बाटलीतलं जेवण

1856 साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली. पुढे बोरघाट होता. पुण्याला जाणारी माणसं इथे उतरायची आणि पालखीत नाहीतर घोड्यावर बसून घाट चढायची. पळसदरीच्या बाजूने डोंगर फोडून गाडी थेट वर न्यायला 1863 चा एप्रिल उजाडला. ऐन भरात त्या कामावर 40 हजारांहून जास्त माणसं होती. 1859 च्या अखेरीस कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोने, ॲलिसने, दोन अभियंते हाताशी धरून ते कंत्राट पुरं केलं. ॲलिसचं नाव निदान इतिहासात राहिलं. त्याच सुमारास घाटात पटकी शिरली आणि हजारो मजूर मेले. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

माझा जन्म खोपोलीचा. नोकरी मुंबईत, महापालिकेच्या रुग्णालयात, बरीचशी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. खोपोली, लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी, कर्जत ही स्टेशनं झोपेतही पाठ. नाइट ड्युटी करून परतताना पळसदरीला वर घाटाकडे जाणारा रूळ दिसला की ते मजूर आठवायचे. कारण पटकीने माणूस कशाने मरतो हे ते मजूर मेले त्याआधीच कळून चुकलं होतं आणि त्यावरचा उपायही एकदा करून झाला होता.

1831-32 मध्ये विल्यम ओशॉघ्नेसी नावाच्या तरुण डॉक्टरने पटकीच्या रोग्यांचं रक्त तपासलं. त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेले असतात आणि ते परत घालायला हवेत, असं त्याने लिहिलं. 1832 मध्ये स्कॉटलंडात थॉमस लॅटाने ते करून दाखवलं. मरायला टेकलेल्या एका म्हातारीच्या शिरेत त्याने मिठाचं पाणी सोडलं. बाई शुद्धीवर आली, बोलू लागली. लॅटा दमून विश्रांतीला गेला, जुलाब पुन्हा सुरू झाले, मागे राहिलेल्यांनी पाणी पुन्हा सोडलं नाही आणि बाई गेली. आम्हा नर्सेसना यात नवल वाटत नाही. ड्युटी बदलताना राहून गेलेल्या गोष्टींनी किती जीव गेले, याचा हिशेब कुठल्याच रजिस्टरात नसतो. पुढच्याच वर्षी लॅटाही वारला आणि ते काम मागे पडलं. ओशॉघ्नेसी 1833 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि पुढे या देशात तारायंत्राचं जाळं उभारण्यात गुंतला. बोरघाटात माणसं पटकीने मरत होती, त्याच दशकात तो देशभर तारा टाकत होता. त्याला दोष देऊन उपयोग नाही, कारण उकळून थंड केलेलं पाणी शिरेत घातलं तरी हुडहुडी का भरते, हेच तेव्हा ठाऊक नव्हतं. उकळीने जंतू मरतात, पण त्यांचं विष पाण्यात उरतं, हे फ्लोरेन्स सीबर्ट या बाईंनी 1923 मध्ये दाखवलं. ‘रिॲक्शन आली’ म्हणजे काय ते माझ्या पिढीने पाहिलं आहे. काचेची बाटली, उकळून पुन्हा वापरलेली लाल रबराची नळी, आणि अर्ध्या तासात खाट खडखडायला लागायची.

पाणी आणि मीठ जाऊ शकतं तर जेवण का नाही, हा प्रश्न त्याहून जुना. सतराव्या शतकात ख्रिस्तोफर रेनने पिसाची नळी आणि डुकराचं मूत्राशय वापरून कुत्र्याच्या शिरेत दारू सोडली होती. एकोणिसाव्या शतकात टोरोंटोत पटकीच्या रोग्यांच्या शिरेत दूधही घालून पाहिलं. 1937 च्या सुमारास रॉबर्ट एल्मनने पचवलेल्या प्रथिनांचं द्रावण माणसाला शिरेतून दिलं आणि आशा वाढली.

त्या आशेची मोठी कसोटी आपल्याच देशात लागली. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात कलकत्त्याच्या रुग्णालयांत हाडांचे सापळे झालेली माणसं येत होती आणि तिथल्या डॉक्टरांनी त्यांना असं द्रावण शिरेतून देऊन पाहिलं. एप्रिल 1945 मध्ये बर्गन-बेल्सनची छळछावणी ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात आली, तेव्हा ही द्रावणं तिथे पोचली. जेनेट व्हॉन या डॉक्टर त्यांची परीक्षा घ्यायला गेल्या. सुई आणि नळी दिसताच उपाशी माणसं किंचाळू लागली. सुई टोचून मारलेली माणसं त्यांनी पाहिली होती. आपल्याला मारायलाच हे आलेत, असं त्यांना वाटलं. व्हॉन यांनी निर्वाळा दिला की ज्याला गिळता येतं त्याला साय काढलेलं दूध थोडं थोडं पाजणंच बरं. बंगालच्या दुष्काळात बनवलेलं दूधपूड, पीठ आणि साखरेचं मिश्रणही बेल्सनला पाठवलं होतं. ते तिथल्या लोकांना फार गोड लागलं. उपाशी माणसालाही चव असते, हे मदत करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. कातकरीवाडीतल्या बाईला पोषण आहाराचं पाकीट देऊन ‘पोराला एवढं का खाऊ घालत नाहीस’ म्हणून झापणाऱ्यांना मी हा किस्सा हटकून सांगते.

खरं यश आलं ते साठच्या दशकात. साखर दाट केली तर हाताची शीर जळते, पातळ ठेवली तर पोट भरण्याइतकी ऊर्जा द्यायला इतकं पाणी घालावं लागतं की माणूस सुजेल, असा पेच होता. पेन्सिल्व्हानियात स्टॅन्ली डड्रिकने नळी गळपट्टीच्या हाडाखालून थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नेली. तिथे रक्ताचा ओघ एवढा मोठा की दाट द्रावण क्षणात पातळ होतं. बीगल जातीची पिल्लं त्याने निव्वळ शिरेतून पोसली आणि ती इतर पिल्लांसारखी वाढली. 1967 मध्ये फिलाडेल्फियात लहान आतडं जवळजवळ नसलेल्या एका मुलीला असंच अन्न सुरू केलं. ती जवळपास दोन वर्षं जगली, वाढली. तिकडे स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंडने सोयाबीनचं तेल आणि अंड्याच्या बलकातलं फॉस्फोलिपिड घुसळून शिरेत चालेल असं दुधाळ द्रावण बनवलं. त्याआधी अमेरिकेत सरकीच्या तेलाचं द्रावण निघालं होतं. ते बाधलं आणि बाजारातून काढावं लागलं.

या जेवणाची भांडी मी वर्षानुवर्षं हाताळली. किलोभराचं बाळ, आतडं अजून तयार नाही, दंडातून आत सरकवलेली दोऱ्यासारखी नळी. एका बाजूने अमिनो ॲसिड आणि ग्लुकोज, दुसऱ्या सिरिंजमधून पांढरं लिपिड, त्यावर उजेड पडू नये म्हणून गुंडाळलेला कागद. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा मेळ चुकला तर पिशवीतच खडूसारखे कण धरतात. 1994 मध्ये अमेरिकेत अशा कणांनी दोन रुग्ण दगावल्यावर तिथल्या औषध खात्याने इशारा काढला. त्या इशाऱ्याचा कागद आमच्या मिक्सिंगच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेला होता.

त्याहून मला लागून राहिली ती 1989 मधली नोंद. शिरेतून अन्न घेणारे तीन रुग्ण दगावले, कारण त्यांच्या पिशवीत ब1 जीवनसत्त्व नव्हतं. ग्लुकोज भरपूर, पण ते जाळायला लागणारी चिमूटभर वस्तू नाही. रक्तात आम्ल साचलं आणि हृदय बंद पडलं. भात खाणाऱ्या मुलखाला ही गोष्ट समजायला हवी. कर्जतला 1919 पासून भाताचं संशोधन केंद्र आहे आणि तांदूळ गिरणीत पांढराफेक केला की कोंड्याबरोबर ब1 जातं हे इथल्या म्हाताऱ्यांना नाव न घेता माहीत होतं. हातसडीच्या तांदळाची पेज आजारी माणसाला देणारी आजी ते औषधच देत होती.

एकदा कर्जतच्या डोंगरपट्टीतली एक आई काचेबाहेर उभी होती. म्हणाली, “सिस्टर, बाळाला भूक लागत नसंल का? तोंडात काहीच नाही त्याच्या.” मी तिला दूध काढून आणायला सांगितलं. कारण तोवरच्या अभ्यासांनी सांगितलं होतं की सगळं अन्न शिरेतून जात असलं तरी आईच्या दुधाचे थेंब पोटात जाऊ द्यावेत, नाहीतर आतडं काम विसरतं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली दुधाची बँक काढली, तीही अशा बाळांच्या पोटात आईचं दूध जावं म्हणूनच. त्या आईने वाटीच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढं दूध आणलं आणि खजील झाली. तेवढंच हवं होतं.

आता रुग्णांवरच्या संशोधनाचं सांगते. डड्रिकनंतर वीस वर्षं जगभर उत्साह होता आणि दिसेल त्या अशक्त रुग्णाला हे अन्न लावलं जात होतं. मग कुणीतरी चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडून तुलना करायला बसलं. 1991 मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी 395 रुग्णांचा निकाल छापला. शस्त्रक्रियेआधी शिरेतून अन्न दिलेल्यांत जंतुसंसर्ग जास्त झाला, आणि फायदा दिसला तो फक्त अगदी खंगलेल्यांना. 2011 मध्ये बेल्जियममध्ये अतिदक्षता विभागातल्या 4,640 रुग्णांत पाहिलं. ज्यांना पहिल्या आठवड्यात शिरेतून अन्न दिलंच नाही, ते लवकर बरे होऊन बाहेर पडले. 2016 मध्ये 1,440 मुलांवर केलेल्या अभ्यासातही तेच. आणि नळीतून शिरणाऱ्या जंतूंचं म्हणाल तर 2006 मध्ये मिशिगनमधल्या अतिदक्षता विभागांनी दाखवलं की हात धुणं, त्वचा नीट पुसणं, रुग्णाला पूर्ण झाकणं, मांडीची शीर टाळणं आणि नको झालेली नळी काढून टाकणं एवढ्याने हा संसर्ग निम्म्याहून खाली येतो. मला हा अभ्यास बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. त्यात यंत्र नाही, औषध नाही. एक यादी आहे, आणि डॉक्टरने हात धुतले नाहीत तर त्याला थांबवायची मुभा नर्सला दिलेली आहे.

मुंबईत हे असं काटेकोर चाललं असताना इकडे कर्जत-खालापुरात शिरेतल्या जेवणाची एक वेगळीच रीत रुजली. साधारण ऐंशीच्या दशकापासून गावोगावच्या खासगी दवाखान्यांत मागे दोन खाटा आणि खिळ्याला टांगलेली बाटली आली. आवणीच्या दिवसांत बायका यायच्या. “अंगात त्राण नाही, एक बाटली चढवा.” बाटलीत जीवनसत्त्वाचं इंजेक्शन टोचलं की ती लाल-पिवळी व्हायची आणि त्या लाल बाटलीचा दर वेगळा. माझी सख्खी काकू वर्षातून एकदा ती लावून घ्यायची. “तू मुंबईत लावतेस ती चालते, मग आमचीच का नाही?” असं मला ऐकवायची.

तिला मी हिशेब मांडून दिला होता. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलीच्या बाटलीत साखर 25 ग्रॅम. शंभराच्या वर कॅलरी नाहीत, म्हणजे नाचणीच्या एका भाकरीइतक्याही नाहीत. नुसत्या मिठाच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. काकूला हिशेब पटला, तरी ती पुढच्या वर्षी गेलीच. मला वाटतं, दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईला भर दुपारी पंख्याखाली दोन तास आडवं होण्याची दुसरी कुठलीच सोय नव्हती. बाटली लावलेल्या बाईला कुणी उठवत नाही. डॉक्टर मंडळींना मात्र मी एवढ्या सहज सोडणार नाही. बाटलीत काय आहे हे त्यांना माहीत होतं.

हीच रीत मुलांवर आली तेव्हा ती जिवावर बेतू लागली. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आषाढ-श्रावणात घरात दाणा नसतो, रानातल्या कंदांवर आणि खेकड्यांवर दिवस निघतात. तेव्हा सुकलेलं मूल दवाखान्यात येतं आणि बाप म्हणतो, बाटली लावा, ताकद येईल. अशा मुलाचं हृदय अशक्त असतं. भराभर आत गेलेलं पाणी ते पेलू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे की तीव्र कुपोषित मुलाला मूल शॉकमध्ये असेल तरच शिरेतून पाणी द्यावं. एरवी 100 मिलीला 75 कॅलरी देणारं पातळ दूध, थोडं थोडं, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. बेल्सनमध्ये व्हॉन यांनी जे सांगितलं, त्याच्या फार दूर हे नाही. जुलाबाचंही तसंच. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. 30 टक्क्यांच्या घरातले मृत्यू 4 टक्क्यांच्या खाली आले.

ज्याचं आतडं बंद पडलंय, कापून टाकलंय किंवा अजून तयारच झालेलं नाही, त्याला शिरेतलं अन्न जगवतं. त्यातली बाळं माझ्या हातांनी वाढली आहेत, मी त्या पिशवीविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण दवाखान्यात बाटली मागण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. यात काय आहे, आणि हे तोंडाने देता येणार नाही का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘येईल’ असं आलं, तर बाटलीचे पैसे खिशात ठेवा आणि घरी जाऊन पेज शिजवा.