एका व्होल्टचे लाख वाटे

१/ ईसीजीचा कागद कधी निरखून पाहिला आहे? हृदयाच्या रेघेलगत एक लहानसा चौकोनी उंचवटा उमटलेला असतो. त्याची उंची १० मिलिमीटर, आणि तेवढ्या उंचीचा अर्थ १ मिलिव्होल्ट. लायडनच्या विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केलेले हे प्रमाण आजही चालते. पण तो १ मिलिव्होल्ट खरोखर १ मिलिव्होल्टच आहे, हे कोणाच्या भरवशावर मानायचे?

२/ विद्युतघट देतो एक-दीड व्होल्ट. हजारांश किंवा लक्षांश व्होल्ट हवे असेल, तर मोठ्या व्होल्टेजची वाटणी करावी लागते. दोन रोधक (आपण ज्यांना रेझिस्टर म्हणतो ते) एकसर जोडले की व्होल्टेज त्यांच्या रोधांच्या प्रमाणात वाटले जाते. ९९,९९९ ओहम आणि १ ओहम जोडून टोकांना १ व्होल्ट द्या. १ ओहमवर १० मायक्रोव्होल्ट मिळतील. कागदावर हे इतके सोपे आहे. प्रत्यक्षात ही वाटणी चोख करायला शतकाहून अधिक काळ लागला, आणि त्या काळात एक चोर सतत पाठीशी होता. आजचा धागा त्या चोराचा.

३/ गंमत अशी की हा चोर प्रथम मदतनीस म्हणून आला. १८२१ मध्ये थॉमस सीबेक यांना आढळले की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांत तापमानाचा फरक असला की त्या वेटोळ्याजवळची चुंबकसूची हलते. कोलोनमध्ये शिकवणारे गेओर्ग ओहम तेव्हा तारांमधील विद्युतधारेचा नियम शोधत होते. पण त्यांचे घट प्रयोग चालू असतानाच ढेपाळत. पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी घट बाजूला ठेवले आणि तांबे-बिस्मथची जोडी घेतली. एक सांधा बर्फात, दुसरा उकळत्या पाण्यात. अवघे काही मिलिव्होल्ट, पण अढळ. बारावीपर्यंत आपण घोकलेला ओहमचा नियम या अल्प व्होल्टेजच्या बळावर १८२६ मध्ये सिद्ध झाला.

४/ हे योहान ख्रिस्तियान पोगेनडॉर्फ म्हणजे औषधविक्रीचे शिक्षण घेतलेले, पुढे पन्नासहून अधिक वर्षे ‘आनालेन डेर फिजिक’चे संपादक राहिलेले गृहस्थ. इतिहासात त्यांची आठवण संपादक म्हणून होते. माझ्या मते त्यांचे १८४१ चे काम त्याहून मोठे आहे.

५/ वाटणीतील पहिली अडचण अशी की वाट्याला आलेले व्होल्टेज वापरायला गेले की धारा वाहते, आणि धारा वाहिली की वाटणीच बदलते. ताटातला घास उचलताच बाकीच्या ताटांतले अन्न कमी-जास्त व्हावे तसे! पोगेनडॉर्फ यांनी अज्ञात व्होल्टेजसमोर वाटलेले व्होल्टेज उलट दिशेने उभे केले आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत वाटणी सरकवली. शून्य आले की धारा नाही, आणि धारा नाही म्हणजे वाटणीला धक्का नाही. महाविद्यालयात लाकडी फळीवर ताणलेल्या तारेवर जॉकी टेकवून जो पोटेन्शिओमीटर आपण चालवतो, तो याच युक्तीचा वंशज.

६/ तार मात्र सर्वत्र सारखी जाड नसते, आणि जॉकी मिलिमीटरपेक्षा बारीक कुठे टेकवणार? उत्तर समुद्री तारायंत्राच्या जगातून आले. अटलांटिकच्या तळाशी तार नेमकी कोठे तुटली, हे किनाऱ्यावर बसून रोधांच्या प्रमाणावरून काढावे लागे. (१८६६ ची अटलांटिक तार टाकणाऱ्या ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजानेच १८७० मध्ये मुंबई-एडन तार टाकली.) या कामात असलेल्या विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, आणि क्रॉमवेल व्हार्ली यांच्या नावाने ओळखली जाणारी विभाजकाची रचना पाहण्यासारखी आहे.

७/ अकरा सारखे रोधक एका रांगेत. त्यांपैकी लगतच्या दोहोंवर दुसरी रांग समांतर जोडायची; तिचा एकूण रोध नेमका त्या दोहोंइतका. समान रोध समांतर आले की रोध निम्मा होतो, म्हणजे ते दोन रोधक एकासारखे वागतात आणि अकराचे दहा उरतात. तिसरी रांग दुसरीवर, चौथी तिसरीवर. दर पायरीला एक दशांश स्थान पदरात पडते. दशमान पद्धत तांब्या-पितळेत घडवलेली!

८/ आता चोर परततो. एडवर्ड वेस्टन हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेतील न्यूअर्क येथे स्थिरावलेले संशोधक. तापमान बदलले तरी रोध जवळजवळ न बदलणारी दोन संमिश्रे त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधली. आज ती कॉन्स्टंटन आणि मँगॅनिन या नावांनी ओळखली जातात. कॉन्स्टंटन उत्तम दिसते, पण तांब्याला जोडले की दर अंश सेल्सिअसला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट निर्माण करते. आपल्या विभाजकाचे उत्तर होते १० मायक्रोव्होल्ट. म्हणजे सांध्यांत पाव अंशाचा फरक पडला, नुसते बोट टेकले, तरी खऱ्या व्होल्टेजएवढीच चूक! ओहमना तारणारा सीबेकचा परिणाम येथे वाटणीवर डल्ला मारतो. तांबे, मँगनीज आणि थोडे निकेल यांचे मँगॅनिन येथे जिंकले, कारण तांब्याशी त्याचे हे भांडण दर अंशाला दोन-तीन मायक्रोव्होल्टच्या आत राहते. उरलेल्यासाठी उपाय म्हणजे धारा उलटी करून पुन्हा मोजणे. खरे व्होल्टेज चिन्ह बदलते, चोराचे बदलत नाही. दोन मापांतील फरकाच्या निम्मे घेतले की तो गळून पडतो.

९/ मूळ १ व्होल्टही विश्वासू हवा. लॅटिमर क्लार्क यांच्या पारा-जस्ताच्या घटाचे व्होल्टेज दर अंशाला सुमारे एक मिलिव्होल्टने ढळे. वेस्टन यांचा कॅडमियमचा घट त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याइतकाच. १९११ पासून तोच जगाचा मानक झाला: २० अंशांना १.०१८३ व्होल्ट.

१०/ तरी एक प्रश्न उरतोच. विभाजकाचे गुणोत्तर बरोबर आहे, हे कसे पडताळायचे? ९९,९९९ आणि १ यांची तुलना करायला तितकेच अचूक दुसरे साधन हवे. १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस हॅमन यांनी हा तिढा सोडवला. दहा सारखे रोधक घ्या. एकसर जोडले तर दसपट, समांतर जोडले तर दशांश, गुणोत्तर १००. आता रोधक थोडे असमान असले तर? प्रत्येकात दहा हजारांत एक अशी चूक असली, तरी गुणोत्तरातली चूक दहा कोटींत एक इतकीच उरते, कारण पहिल्या पायरीच्या चुका परस्परांना छेदतात आणि फक्त त्यांचे वर्ग शिल्लक राहतात. साधारण रोधकांतून असाधारण गुणोत्तर. या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी कल्पना मी हीच मानतो.

११/ १९६२ मध्ये बावीस वर्षांच्या ब्रायन जोसेफसन यांनी भाकीत केले की दोन अतिवाहकांमधील पातळ सांध्यावर सूक्ष्मलहरी सोडल्या तर व्होल्टेज केवळ वारंवारतेवर ठरते. १० गिगाहर्ट्झला एक पायरी सुमारे २० मायक्रोव्होल्टची. निसर्गानेच अल्प व्होल्टेज मोजून दिले! पण जगाचे मानक १.०१८ व्होल्टचे. त्यामुळे १९७२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने या पद्धतीने व्होल्ट सांभाळायला सुरुवात केली तेव्हा प्रवास उलटा झाला: सांध्याचे १० मिलिव्होल्ट आणि वेस्टन घट यांची गाठ घालायला मध्ये १०० : १ गुणोत्तराची रोधकांची जुळणी होती, आणि तिच्यात हॅमन यांचे तत्त्व होते.

१२/ हे सांधे द्रव हेलियममध्ये, निरपेक्ष शून्याच्या चार अंश वर बुडवलेले असतात, आणि त्यांच्या तारा वर खोलीच्या उबेत येतात. एका टोकाला कडाका, दुसऱ्या टोकाला ऊब. ओहमच्या बर्फ आणि उकळत्या पाण्याहून तिपटीने मोठा फरक! म्हणून आजही तेथे प्रत्येक माप दोनदा घेतात, एकदा सुलट आणि एकदा उलट.