खाऱ्या दलदलीतील सूक्ष्मशैवाल : एका दुर्लक्षित उत्पादकाचा इतिहास

खाऱ्या दलदलीच्या अभ्यासकांचे लक्ष प्रथम उंच गवताकडे गेले, हे स्वाभाविकच होते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर लॉरेन्स पोमेरॉय यांनी मात्र गवताखालच्या चिखलातील सूक्ष्मशैवालांचे मापन केले. त्यांच्या १९५९ सालच्या शोधनिबंधानुसार या शैवालांचे स्थूल उत्पादन दर चौरस मीटरला वर्षाकाठी सुमारे २०० ग्रॅम कार्बन इतके होते. तरीही येथील अन्नजाळे गवताच्या कुजलेल्या अवशेषांवरच उभे आहे, हे मत पुढेही प्रभावी राहिले. १९९० मध्ये सलिव्हन व मॉनक्रीफ यांनी मिसिसिपीतील दलदलीत स्थिर समस्थानिकांच्या आधारे शैवाल हा प्राण्यांच्या अन्नाचा महत्त्वाचा स्रोत असल्याचे दाखविले. गवत राशीने मोठे, परंतु पचनास कठीण. शैवाल अल्प, परंतु शीघ्र वाढणारे व सुपाच्य होय. म्हणूनच दलदलीचे मूल्य केवळ दृश्य हिरवाईवरून ठरविणे अपुरे ठरते.