कंबर धरली तर घरी काय कराल?

बादली उचलताना कंबर धरली, की घरचे झोपून राहायला सांगतात. तसे करू नका. पडून राहिल्याने स्नायू आखडतात आणि बरे व्हायला उलट जास्त वेळ लागतो. सोसेल तेवढे घरातल्या घरात चाला, जड उचलणे टाळा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून 15-20 मिनिटे शेक घ्या (मधुमेहामुळे बधिरपणा असेल तर चटका बसलेला कळत नाही, जपून). किडनीचा विकार असल्यास वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नका. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो.

मात्र लघवी अडली, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पायांतली ताकद कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. मणक्यातल्या नसा दाबल्या गेलेल्या असू शकतात आणि उशीर झाल्यास लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.