छत्र आणि छत्री

छत्रपतींच्या कोल्हापुरांत पावसाळा आला म्हणजे घरोघर छत्र्या निघतात. परंतु या दोन शब्दांचें रक्त एकच आहे हें क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतें. 'छद्' म्हणजे झांकणें, या संस्कृत धातूपासून 'छत्र' झाला. त्याच्या मूळ अर्थांत ऊनहि नाहीं आणि पाऊसहि नाहीं. केवळ वरचें आच्छादन आहे. इंग्रजी 'अंब्रेला'चें मूळ मात्र लॅटिन 'अंब्रा', म्हणजे सावली. सावलीसाठीं जन्मलेला तो शब्द इटलीहून पावसाळी इंग्लंडांत गेला. अठराव्या शतकांत जोनस हॅन्वे छत्री घेऊन लंडनच्या रस्त्यांतून हिंडूं लागला, तेव्हां लोकांनीं त्याची टवाळी केली.

मराठी मुलखांत टवाळीचा प्रश्नच नव्हता, कारण येथें छत्र म्हणजे राजचिन्ह. ६ जून १६७४ रोजीं रायगडावर शिवाजीमहाराजांच्या मस्तकावर छत्र धरलें गेलें. पुढें १७३१ च्या वारणेच्या तहानें सातारा आणि कोल्हापूर यांच्या हद्दी ठरल्या. राज्य दुभंगलें, पण 'छत्रपति' हें बिरुद दोन्ही गाद्यांनीं राखलें. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, तरी बिरुद लोकांच्या तोंडीं राहिलेंच.

राजा आपलें छत्र स्वतः कधीं धरीत नाहीं. त्याला दुसऱ्याचा हात लागतो. अब्दागिरीचेंहि तसेंच. देवाच्या पालखीबरोबर मिरवणारा हा शब्द फारसी 'आफ्ताबगीर', सूर्याला अडविणारा, याचें मराठी रूप होय. छत्राला ईकार लागला, तसा शब्द गाड्याच्या गाडीसारखा लहान व स्त्रीलिंगी झाला, आणि दांडा ज्याचा त्याच्या हातीं आला. तरी थोर पुरुषांच्या समाधीवरील वास्तूलाहि छत्रीच म्हणतात; १७९४ सालीं वारलेल्या महादजी शिंद्यांची छत्री पुण्यास वानवडीला आहे. घरांतला कर्ता पुरुष गेला म्हणजे मात्र 'छत्र हरपलें' असेंच म्हणावयाचें. छत्री हरवते ती बाजारांत. (अन्नछत्राचा या कुळाशीं संबंध नाहीं, तें मुळांत अन्नसत्र.)

गगनबावडा, राधानगरी या बाजूस पाऊस अतोनात. पण तेथील शेतांत छत्रीचा उपयोग थोडा. भाताची रोप लावणारीला दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून बांबूच्या कामट्या आणि पानें यांचें इरलें डोक्यावरून पाठीवर घ्यावयाचें आणि चिखलांत वाकावयाचें. हल्लीं त्याची जागा बहुतेक ठिकाणीं प्लास्टिकच्या खोळीनें घेतली आहे.