परकीय रहिवासी आणि ओळखीचा कागद



प्रवाशास वाटेंत थांबवून ‘तूं कोण?’ असा प्रश्न करण्याची रीत फार जुनी आहे. मराठेशाहींत लांबच्या प्रवासास निघालेल्या मनुष्यास चौक्यांवर अडथळा होऊं नये म्हणून ‘दस्तक’ देत असत. वाटसरूस जाऊं द्यावें, असें चौकीदारास सांगणारा तो कागद. म्हणजे दस्तक हें मूळचें प्रवाशाच्या सोयीचें पत्र होय. आज ज्या कागदाचा इतिहास मी सांगणार आहें तो त्याच कुळांतला आहे. परंतु त्याची प्रकृति निराळी आहे. परक्या देशांत घर करून राहिलेला मनुष्य त्याच देशांतील एका शहराहून दुसऱ्या शहरास विमानानें जाऊं लागला, म्हणजे त्यास कोणता कागद दाखवावा लागतो, आणि ही चाल पडली कशी, हा आजचा विषय आहे. उदाहरणासाठीं मीं अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें घेतलीं आहेत. आपल्याकडील हजारों कुटुंबांचीं मुलें-मुली आज तेथें आहेत. तेव्हां हा विषय वाटतो तितका दूरचा नाहीं.

अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत परदेशांतून आलेल्या मनुष्यास सरकारी ओळखपत्र बाळगण्याचें कारण पडत नसे. हा क्रम प्रथम मोडला तो चिनी मजुरांच्या बाबतींत. पश्चिम किनाऱ्यावरील लोहमार्ग ज्यांच्या श्रमांनीं तयार झाले, त्याच लोकांविरुद्ध पुढें मत्सर पेटला. सन १८८२ मध्यें नव्या चिनी मजुरांस देशांत येण्याची बंदी झाली आणि १८९२ सालच्या गिअरी कायद्यानें, आधींच तेथें राहणाऱ्या चिनी मजुरांनीं एका वर्षाच्या आंत नांव नोंदवून रहिवासाचा दाखला घ्यावा, असें फर्माविलें. ज्याच्यापाशीं दाखला नसेल त्यास पकडावें आणि देशाबाहेर घालवावें, असा नियम झाला. आजारामुळें किंवा अपघातामुळें दाखला घेतां आला नाहीं, असें कोणी म्हटल्यास, तो पूर्वीपासून येथें राहतो हें सिद्ध करण्यास निदान एक विश्वसनीय गोरा साक्षीदार हवा, अशी अट त्या कायद्यांत स्पष्ट शब्दांत घातलेली होती. शेजारीं राहणाऱ्या दहा चिनी गृहस्थांची साक्ष व्यर्थ, आणि एका गोऱ्याची साक्ष पुरेशी!

चिनी समाजाच्या पुढाऱ्यांनीं आपल्या लोकांस नोंदणी न करण्याचा सल्ला दिला, व बहुसंख्य लोकांनीं तो मानला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. मे १८९३ मध्यें न्यायालयानें पांच विरुद्ध तीन मतांनीं कायदा ग्राह्य ठरविला. परक्या मनुष्यास देशांत येऊं न देण्याचा जसा राष्ट्रास अधिकार आहे, तसाच आंत राहणाऱ्यास घालवून देण्याचाही आहे, असें बहुमताचें म्हणणें पडलें. त्याच वर्षीं कायद्यांत दुरुस्ती होऊन मुदत वाढली आणि दाखल्यावर छायाचित्रही आलें. अमेरिकेंत रहिवाशानें जवळ बाळगावयाच्या सरकारी छायाचित्रयुक्त दाखल्याचा आरंभ शोधूं गेल्यास आपण या चिनी मजुरांपाशीं येऊन पोंचतों. चिनी लोकांवरील हे निर्बंध १९४३ सालीं उठले. चीन त्या वेळीं महायुद्धांत अमेरिकेचा दोस्त होता, हें त्याचें मुख्य कारण.

या प्रसंगीं आपणांस दक्षिण आफ्रिकेंतील ट्रान्सवालची आठवण होईल. तेथें वर्षानुवर्षें राहणाऱ्या हिंदी लोकांनीं बोटांचे ठसे देऊन नोंदणीचा दाखला घ्यावा व पोलिसानें मागतांच दाखवावा, असा कायदा येऊं घातला, तेव्हां ११ सप्टेंबर १९०६ रोजीं जोहान्सबर्ग येथील एंपायर नाट्यगृहांत गांधीजींच्या उपस्थितींत त्यास विरोध करण्याची शपथ घेतली गेली. १६ ऑगस्ट १९०८ रोजीं दोन हजारांहून अधिक दाखले जाहीरपणें जाळण्यांत आले. एरवीं कागदांत अपमान तो कोणता? परंतु जो कागद शेजाऱ्यास लागत नाहीं व आपणांसच लागतो, तो केवळ कागद राहत नाहीं. सत्याग्रहाचा जन्मच अशा एका ओळखपत्राच्या प्रश्नांतून झाला, हें आपण विसरतां कामा नये.

आतां पुन्हां अमेरिकेकडे वळूं. दुसरें महायुद्ध युरोपांत पेटलें असतां, जून १९४० मध्यें परकीयांच्या नोंदणीचा सर्वसाधारण कायदा झाला. चौदा वर्षें व त्याहून अधिक वयाच्या प्रत्येक परकीय रहिवाशानें टपाल कचेरींत जाऊन आपली माहिती लिहून द्यावी व बोटांचे ठसे द्यावे, असें ठरलें. ऑगस्टच्या अखेरीस सुरू झालेलें हें काम डिसेंबरपर्यंत चाललें आणि त्यांत सुमारे पन्नास लक्ष लोकांची नोंद झाली. विशिष्ट एका वंशाच्या लोकांपुरता असलेला नियम आतां सर्व परकीयांस लागू झाला.

डिसेंबर १९४१ मध्यें अमेरिका युद्धांत उतरली, आणि येथें विमानाचा संबंध प्रथम येतो. अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं ७ व ८ डिसेंबर रोजीं काढलेल्या जाहीरनाम्यांनीं जपानी, जर्मन व इटालियन प्रजाजनांस ‘शत्रुराष्ट्रीय परकीय’ ठरविलें. त्यांतील एका कलमान्वयें अशा कोणाही मनुष्यास सरकारच्या मुख्य कायदेमंत्र्याच्या परवानगीवांचून कोणत्याही विमानांतून अगर बलूनांतून आकाशांत जाण्यास मनाई झाली. पुढील महिन्यांत त्यांना छायाचित्र व बोटाचा ठसा असलेले निराळे ओळखदाखले घ्यावे लागले. परकीय रहिवाशाच्या देशांतर्गत विमानप्रवासावर ओळखीचें बंधन पडलें तें असें.

हें बंधन कोणावर पडलें तें पहा. जपानांतून आलेले कित्येक लोक तेथें तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षें राहत होते. त्यांचीं शेतें पिकत होतीं, मुलें तेथील शाळांत शिकत होतीं. पण त्यांस नागरिकत्व मिळण्याचा मार्गच बंद होता, कारण जपानी मनुष्य नागरिक होऊं शकत नाहीं असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९२२ सालीं दिला होता. पुढच्याच वर्षीं, १९२३ मध्यें, भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत तोच न्याय हिंदी मनुष्यासही लावण्यांत आला. हिंदी लोकांसाठीं तें दार १९४६ सालीं उघडलें. म्हणजे आधीं कायद्यानें मनुष्यास परका ठेवावयाचें आणि मग तो परका आहे म्हणून त्याची वाट अडवावयाची, असा हा प्रकार होता. पुढें १९४२ मध्यें पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे एक लक्ष वीस हजार जपानी वंशाच्या लोकांस छावण्यांत नेण्यांत आलें. त्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश तर अमेरिकेचे जन्मजात नागरिक होते. नागरिकत्वाचा कागदही त्यांच्या उपयोगीं पडला नाहीं. या अन्यायाबद्दल अमेरिकन सरकारनें १९८८ सालीं कायदा करून क्षमा मागितली व हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर दिले, हेंही न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे.

युद्ध संपलें. कायम रहिवाशांस जें नवें कार्ड मिळूं लागलें त्याचा रंग हिरवा होता. त्यावरून ‘ग्रीन कार्ड’ हें नांव रूढ झालें. पुढें कार्डाचे रंग अनेकदां बदलले, परंतु नांव बदललें नाहीं. १९५२ च्या कायद्यानें अठरा वर्षांवरील परकीय रहिवाशानें नोंदणीचें कार्ड सदैव अंगावर बाळगावें, असें ठरविलें. तथापि विमानांत बसतांना तें कोणी मागत नसे. १९६५ च्या कायद्यानंतर आपल्याकडील डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येनें तिकडे जाऊं लागले, तेव्हां न्यूयॉर्कहून शिकागोस विमानानें जाणें हें आगगाडीनें जाण्याइतकेंच साधें होतें. तिकीट असलें म्हणजे झालें. विमानें पळवून नेण्याचे प्रकार वाढल्यामुळें १९७३ च्या जानेवारीपासून प्रत्येक उतारूची व त्याच्या सामानाची तपासणी होऊं लागली; पण ती शस्त्रांची तपासणी होती, नांवाची नव्हे. आपलें उरलेलें तिकीट वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन दुसऱ्यास विकण्याची चाल त्या काळीं सर्रास होती.

ही स्थिति पालटली ती १९९५-९६ च्या सुमारास. घातपाताच्या भीतीनें तपासणी आधींच कडक होत चालली होती. इतक्यांत १७ जुलै १९९६ रोजीं न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेलें एक मोठें विमान लाँग आयलंडजवळ स्फोट होऊन समुद्रांत कोसळलें व त्यांतील सर्व २३० माणसें मृत्युमुखीं पडलीं. बाँबचा संशय सर्वत्र पसरला आणि छायाचित्र असलेलें सरकारी ओळखपत्र मागण्याची पद्धति देशभर दृढ झाली. चौकशीअंतीं सन २००० मध्यें असा निष्कर्ष निघाला कीं, इंधनाच्या टाकींतील वाफेनें पेट घेतल्यामुळें तो स्फोट झाला होता. संशय खोटा ठरला, नियम मात्र राहिला. तिकिटांच्या परस्पर विक्रीस त्यामुळें आळा बसला व विमान कंपन्यांचा त्यांत लाभ झाला, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

त्यानंतर ११ सप्टेंबर २००१ चा भीषण दिवस आला. विमानें पळविणारे एकोणीसही जण परकीय होते. २००४ सालीं चौकशी मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यांत एक खोडून सर्वांनीं अमेरिकेंतील कोणतें ना कोणतें ओळखपत्र मिळविलें होतें, कांहींनीं तर फसवणुकीनें, असें नमूद आहे. यावरून दोन निष्कर्ष निघूं शकत होते. ओळखपत्रानें मनुष्याचा हेतु कळत नाहीं, हा एक. आणि ओळखपत्र अधिक काटेकोर असावें, हा दुसरा. सरकारनें दुसरा स्वीकारला. २००५ च्या ‘रिअल आयडी’ कायद्यानें वाहनचालकाच्या परवान्यासाठीं देशभर समान कसोट्या लावल्या. त्यांत परकीय मनुष्य देशांत कायदेशीर रीतीनें राहतो काय, हें पाहणें आवश्यक झालें. आणि जो कांहीं काळापुरताच आलेला असेल त्याचा परवाना त्याच्या राहण्याच्या मुदतीबरोबरच संपावा, असें ठरलें. अनेक वेळां पुढें ढकलला गेलेला हा कायदा विमानतळांवर ७ मे २०२५ पासून अंमलांत आला.

व्यवहारांत याचा अर्थ असा. अठरा वर्षें व त्यावरील परकीय रहिवाशास देशांतर्गत विमानासाठीं आपल्या देशाचा पासपोर्ट, ग्रीन कार्ड, नोकरीच्या परवानगीचें सरकारी कार्ड किंवा नव्या कसोटीचा वाहनपरवाना, यांपैकीं कांहींही चालतें. मुलाकडे सहा महिने राहावयास गेलेल्या आईवडिलांनीं पासपोर्ट घरीं कपाटांत ठेवून कन्येच्या गांवीं जावयास निघूं नये. तोच त्यांचा दस्तक होय. कारण कागद नसलेल्या प्रवाशास अधिक चौकशीस व झडतीस तोंड द्यावें लागतें.

एका अमेरिकन नागरिकानें २००२ सालीं ओळखपत्र दाखविण्याचें नाकारून, ज्या नियमानें तें मागतां तो नियम मला दाखवा, असें म्हटलें. नियम गुप्त आहे, असें उत्तर त्यास मिळालें. खटला झाला. न्यायाधीशांनीं तो नियम खाजगी रीतीनें वाचला आणि २००६ सालीं निर्णय दिला कीं, कागद दाखवावयाचा नसल्यास अधिक कडक झडती देण्याचा पर्याय प्रवाशास आहे. सबब त्याचा हक्क बुडत नाहीं. नागरिकाचा मार्ग येथवर तरी मोकळा राहिला. परकीय रहिवाशाची गोष्ट निराळी. कार्ड जवळ नसणें हाच त्याचा अपराध होऊं शकतो. आणि १९४० पासून चालत आलेल्या नोंदणीची अंमलबजावणी २०२५ च्या एप्रिलपासून पुन्हां कडक झाली आहे. एकाच रांगेंत उभ्या असलेल्या दोन उतारूंस एकच प्रश्न विचारला जातो; पण चुकीच्या उत्तराचें मोल दोघांस सारखें नसतें.

हें केवळ अमेरिकेचें चित्र नव्हे. आपल्या देशांतही परकीयांसाठीं १९२०, १९३९ व १९४६ चे कायदे होते. त्यांच्या जागीं १ सप्टेंबर २०२५ पासून एकच नवा कायदा आला आहे. पुण्यांत शिकणारा आफ्रिकेंतील विद्यार्थी दिल्लीच्या विमानांत बसतो तेव्हां त्यासही पासपोर्ट काढावा लागतो. तिकडे आपल्या मुलांस जी वागणूक मिळावी असें आपणांस वाटतें, ती येथें त्या विद्यार्थ्यास मिळते काय, हें आपण आपल्या मनास विचारावें.

राज्यानें आपल्या हद्दींत कोण आहे हें जाणून घेऊं नये, असें मी म्हणत नाहीं. आकाशांत शेंकडों जिवांचें रक्षण करावयाचें असतां सावधगिरी अवश्य हवी. परंतु या शंभर-सव्वाशें वर्षांच्या इतिहासावरून मला तीन गोष्टी दिसतात. नियम सर्वांस वाचतां येईल असा उघड असावा. तो वंश किंवा वर्ण पाहून लावला जाऊं नये. आणि कागद हरवलेल्या प्रामाणिक मनुष्यास आपली ओळख दुसऱ्या मार्गानें पटवितां यावी. त्याच्या शेजाऱ्याची साक्ष, शेजारी कोणत्याही वर्णाचा असो, ऐकली जावी. गिअरी कायद्यांत या तिन्हींपैकीं पहिलीच गोष्ट होती, आणि तिच्या जोरावर बाकीच्या दोहोंचा खून झाला. ओळखपत्र नांव सांगतें, जन्मतारीख सांगतें, चेहरा दाखवितें. मनुष्य किती वर्षें तेथें राबला, त्यानें कोणाचें भलें केलें, हें त्यावर लिहिलेलें नसतें. तें न लिहिलेलेंही जो अधिकारी ध्यानांत ठेवील, त्याच्या हातीं कायदा शोभेल.